वऱ्हाडातल्या घराला ओसरी जोडताना

वैशाखातले ऊन वऱ्हाडाला नवे नाही. अकोला आणि अमरावती या दोन्ही शहरांत मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. २०२४ च्या मे अखेरीस तर अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना केवळ उष्णतेमुळे तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४ लागू करावे लागले होते. घराची पश्चिमेकडची भिंत रात्री जेवणे आटोपली तरी ऊन ओकत असते. अशा दिवसांत घराच्या पुढे किंवा बाजूला एखादी ओसरी काढून घ्यावी, हा विचार अनेक कुटुंबांत मूळ धरतो. मग मिस्त्रीला बोलावणे जाते, चार लोखंडी पाईप उभे राहतात, वर टिनपत्रे चढतात आणि आठवडाभरात काम उरकते. मात्र एक-दोन पावसाळे गेले की घराची भिंत आणि नवी ओसरी यांच्यामध्ये बोट शिरेल एवढी फट दिसू लागते. फरशी एका बाजूने उचलली जाते, आणि दुपारी त्या पत्र्याखाली बसणेही नकोसे होते.

ओसरी म्हणा, छपरी म्हणा किंवा व्हरांडा म्हणा, ही वऱ्हाडी घरात शोभेसाठी कधीच नव्हती. आल्यागेल्याची बैठक तिथे होई, भाव येईपर्यंत कापसाचा ढीग तिथे पडे आणि उन्हाळ्याच्या रात्री खाटाही तिथेच पडत. तिचे मुख्य काम मात्र घराच्या भिंतीवर ऊन पडू न देणे हे होते. जुन्या ओसरीचे कवेलूंचे छप्पर पुढे इतके खाली उतरत असे, की उंच माणसाला वाकूनच आत यावे लागे. हे लाकूड वाचवण्यासाठी केले असेल, असे आज वाटते. त्यामागे उन्हाचा हिशेबही होता. वऱ्हाडाला लागूनच असलेल्या वर्धा जिल्ह्यात १९३६ साली गांधीजी सेगावला, म्हणजेच आजच्या सेवाग्रामला, राहावयास आले. तेथील कुट्या पाहिल्या, तरी मातीच्या भिंती, कवेलूंचे उतरते छप्पर आणि त्याखालची ओसरी हाच क्रम दिसतो.

तो हिशेब समजून घेतल्याशिवाय ओसरी कोणत्या बाजूला काढावी हे ठरवता येत नाही. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात या भागात माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीवर ऐन उन्हाळ्यात ऊन फारसे पडतच नाही. तिथे तीन फुटांचा छज्जा पुरतो. खरा त्रास पश्चिमेचा. मेच्या मध्यास दुपारी सव्वाचारच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून साधारण ३४ अंशांवर असतो, आणि आठ फूट रुंद ओसरीची कड भिंतीवर कडेच्या पातळीपासून खाली जेमतेम साडेपाच फूट सावली टाकते. सव्वापाचला सूर्य २० अंशांवर उतरतो आणि ती सावली तीन फुटांचीही राहत नाही. म्हणजे ओसरीची पुढची कड नऊ-दहा फुटांवर ठेवली, तर सायंकाळचे ऊन बिनदिक्कत भिंतीपर्यंत पोहोचते. पश्चिमेच्या ओसरीची कड सात फुटांच्या आसपास ठेवावी आणि उरलेल्या उन्हासाठी बांबूच्या चिका किंवा वाळ्याचे पडदे सोडावेत. ते पडदे ओले ठेवले तर हवाही गार होते. दर्शनी भाग पूर्वेला आहे म्हणून तिकडेच मोठी ओसरी काढणारे पुष्कळ आहेत. सकाळच्या चहाला ती उत्तम. पण घर थंड राहावे हा हेतू असेल तर पैसा चुकीच्या भिंतीवर खर्च होतो, हे आधी ध्यानात घ्यावे.

आता मातीकडे वळू. माझ्या मते वऱ्हाडात ओसरीचे भवितव्य छपरापेक्षा पायातच ठरते. बेसाल्ट खडक झिजून तयार झालेल्या आपल्या काळ्या कापसाच्या जमिनीत पाणी शोषून फुगणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. पावसाळ्यात ही माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराच्या मध्यभागाखालची माती झाकलेली असल्याने तिथला ओलावा वर्षभर फारसा बदलत नाही. बदल होतो तो घराच्या कडेला, आणि नेमकी तिथेच आपण ओसरी जोडतो.

दुसरी गोष्ट त्याहून विपरीत वाटेल. फुगणारी माती जड बांधकामापेक्षा हलक्या बांधकामाला अधिक उचलते. घराच्या भिंती आणि स्लॅब यांचा भार मातीला काही प्रमाणात दाबून धरतो. ओसरीच्या चार खांबांना तेवढे वजन नसते. ‘ओसरीच तर आहे, दीड फूट खोदले तरी पुरे’ हे मिस्त्रीचे नेहमीचे वाक्य म्हणूनच महागात पडते. घर एका मापाने हलते, ओसरी दुसऱ्या मापाने, आणि दोघांना सिमेंटने घट्ट जोडलेले असेल तर जिथे जोड असतो तिथे भिंत फाटते.

यावर उपाय नवे नाहीत. काळी माती थोडीच असेल आणि खाली मुरूम लागत असेल, तर पाया मुरमापर्यंत नेणे हा सरळ मार्ग. अमरावतीत टेकड्यांकडील काही भागांत मुरूम लवकर लागतो. पूर्णेच्या खोऱ्यात मात्र काळी माती पुष्कळ खोल असते. अशा ठिकाणी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी कंद असलेले पाईल वापरता येतात. जमिनीत गोल भोक पाडून त्याच्या तळाशी खोडाच्या साधारण अडीचपट व्यासाचा फुगवटा खोदतात आणि सळया टाकून काँक्रीट भरतात. मातीची हालचाल वरच्या थरातच जास्त असल्याने खोल काळ्या मातीत असा पाईल किमान साडेतीन मीटर खाली नेला जातो. त्याचा कंद मग खांबाला वर उचलू देत नाही. पाईलवरील तुळईखाली तीन-साडेतीन इंचांची पोकळी सोडावी लागते, म्हणजे फुगणारी माती तुळईला ढकलत नाही. चार पाईलांचा खर्च ऐकून ठेकेदारही कुरकुर करतात, परंतु फाटलेली भिंत दर दोन वर्षांनी भरण्यापेक्षा तो परवडतो. पाया कसाही असो, घर आणि ओसरी यांच्यामध्ये अर्ध्या-पाऊण इंचाचा सांधा मुद्दाम मोकळा ठेवून तो लवचीक मसाल्याने भरावा. फरशी घराच्या जोत्याहून दोन-तीन इंच खाली घ्यावी, तिला बाहेरच्या बाजूस दर चार फुटांस एक इंच उतार द्यावा आणि तिच्याखाली काळी माती न ठेवता मुरमाचा चांगला ठोकलेला भराव करावा.

पाण्याचेही तसेच. छपराचे पाणी खांबाच्या बुडाशी पडू लागले, तर दर पावसात तीच माती फुगत राहील. पन्हळ लावून ते पाणी आवाराबाहेर किंवा शोषखड्ड्यात न्यावे, आणि तो खड्डाही घरापासून दूर असावा. दर्यापूर, अकोट, तेल्हारा या खारपाणपट्ट्यातील वाचकांनी आणखी एक काळजी घ्यावी. तेथील बोअरच्या खाऱ्या पाण्यात काँक्रीट कालवले किंवा त्याच पाण्याने ते भिजवले, तर भिंतीला लोणा लागतोच, शिवाय आतल्या सळया गंजून काँक्रीट फुटू लागते. नळाचे गोडे पाणी साठवून ते कामासाठी वापरणे, हाच तिथे व्यवहार्य उपाय आहे.

छपरासाठी उघडा टिनपत्रा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत तापदायक. तो स्वतः तापून खालच्या माणसांवर उष्णता फेकत राहतो. पत्राच टाकायचा असेल तर पांढऱ्या रंगाचा घ्यावा आणि त्याखाली चार-सहा इंचांची मोकळी जागा सोडून बांबूच्या तट्ट्यांचे आच्छादन द्यावे. कवेलू मिळत असतील आणि माकडांचा उपद्रव नसेल, तर त्यांना तोड नाही. छप्पर घराच्या भिंतीला जिथे टेकते तिथे गरम हवा कोंडते. म्हणून दोन्ही टोकांच्या त्रिकोणी जागा बंद न करता जाळीच्या ठेवाव्यात. मृगाच्या आधीच्या वादळांत उडालेल्या पत्र्यांनी माणसे जखमी होतात, प्रसंगी दगावतात. पत्र्यावर दगड ठेवणे हा उपाय नसून दुसरा धोका आहे. पत्रा लोखंडी आकड्यांनी वाशांना, वासे खांबांना आणि खांब पायाला बोल्टने आवळलेले असले पाहिजेत, कारण वारा छपराला दाबत नाही, उचलतो.

परवानगीचा प्रश्न बहुतेकजण शेवटी विचारतात, तो खरे तर आधी विचारावयाचा असतो. लेआऊटमधील प्लॉटवर घर आणि वॉल कंपाउंड यांच्यामधील सामासिक अंतर मोकळे ठेवणे बंधनकारक आहे. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतांश भागात, अकोला-अमरावतीसह, एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू असून छज्जा किती पुढे यावा यालाही तीत मर्यादा आहे. विनापरवाना ओसरीवर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली ती पाडण्याची नोटीस येऊ शकते. घर विकताना किंवा बँकेचे कर्ज घेताना मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम यांतला फरक पुढे येतो तो निराळाच. महानगरपालिकेकडे नोंदणी असलेल्या अभियंत्याकडून आधीच नकाशा तपासून घ्यावा.

ओसरी झाली की दोन-चार वर्षांत तिला काचा लावून खोली करण्याचा मोह होतो. वऱ्हाडात हे विशेष नुकसानीचे, कारण आपला उन्हाळा कूलरवर निघतो. कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते आणि आतली दमट हवा बाहेर जाण्यास वाट लागते. बंद ओसरीत ठेवलेला कूलर तीच ओली हवा फिरवीत राहतो. उघड्या, सावलीतल्या ओसरीत खिडकीला लावलेल्या कूलरचे पाणी मात्र कमी तापते आणि त्याच्या ताट्याही जास्त टिकतात.

कामाला हात दिवाळीनंतर घालावा. मे महिन्यात माती पूर्ण आक्रसलेली असते. तेव्हा भरलेला पाया पहिल्याच पावसात ढकलला जातो. भर पावसात खोदला, तर पुढे माती वाळून पायाखाली पोकळी राहते. कार्तिक-मार्गशीर्षात माती या दोहोंच्या मधल्या अवस्थेत असते, आणि फेब्रुवारीपर्यंत छप्पर चढले की पुढचा उन्हाळा त्याच सावलीत निघतो.