मॅजेस्टिक: पहिल्या बोलपटाचं घर

गिरगावात मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर आहे. तिथल्या दुकानांत शिरणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की ही जागा मॅजेस्टिक सिनेमाची? १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ इथेच लागला आणि हिंदुस्थानी चित्रपट बोलू लागला. गर्दी आवरायला पोलिस बोलवावे लागले. चार आण्यांचं तिकीट ब्लॅकमध्ये चार-पाच रुपयांना गेल्याचं सांगतात.

संपादकांनी थिएटरचा इतिहास मागितला होता. मी अडकलो प्रोजेक्टरमध्ये.

मूकपटाच्या काळात ऑपरेटरला सांभाळायचं होतं ते फक्त चित्र. बोलपटात फिल्मच्या कडेला आवाजाची एक बारीक पट्टी आली. दिव्याचा प्रकाश अरुंद फटीतून त्या पट्टीवर पडतो, पलीकडचा फोटोसेल त्याची चढउतार टिपतो आणि तीच वाढवून भोंग्यातून ऐकू येते. गोम अशी, की चित्र स्थिर दिसायला फिल्म झरोक्यासमोर सेकंदाला चोवीस वेळा थांबावी लागते आणि आवाज शुद्ध यायला ती अजिबात थांबता कामा नये. एकाच फिल्मकडून दोन उलट मागण्या! म्हणून फिल्मला मध्ये सैल वळसा देतात आणि आवाज चित्राच्या सुमारे वीस चौकटी पुढे छापतात. वळसा चुकला की नट बोलतो आधी, ओठ हलतात नंतर. अंधाऱ्या केबिनमध्ये हे हाताने सांभाळणाऱ्या ऑपरेटरची नावं कुठल्या श्रेयनामावलीत येत नाहीत, याचा मला राग आहे.

स्टुडिओतही हाल कमी नव्हते. ‘आलम आरा’ बनवणाऱ्या अर्देशीर इराणींचा इम्पीरियल स्टुडिओ रेल्वे रुळांजवळ. गाड्या थांबल्या की रात्री एक ते चारच्या दरम्यान चित्रीकरण चाले. टॅनार यंत्र चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर घेई, त्यामुळे कापाकापीला फारसा वाव नव्हता. तबला-पेटीवाले कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे दडून वाजवत. नायक मास्टर विठ्ठल, आपला मराठी गडी. आधीच्या स्टुडिओचा करार मोडल्यावरून खटला झाला, तेव्हा त्याची बाजू मांडली बॅरिस्टर जिनांनी.

थिएटर पुढे पाडलं गेलं. पण मॅजेस्टिकचं नाव मराठी माणसाच्या तोंडी राहिलं ते पुस्तकांमुळे: केशवराव कोठावळ्यांनी या सिनेमाजवळच मॅजेस्टिक बुक स्टॉल थाटला, पुढे मॅजेस्टिक प्रकाशन काढलं. सिनेमाचं नाव पुस्तकवाल्यांनी टिकवावं, ही गंमत खास गिरगावची.

खुद्द ‘आलम आरा’ मात्र गेला. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला २००३ मध्ये लागलेल्या आगीत त्याची प्रत जळाली, असं अजूनही छापून येतं. ते खरं नाही. संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांनीच स्पष्ट केलं होतं, की ती प्रत तिथे कधी आलीच नव्हती. त्या काळची नायट्रेट फिल्म चटकन पेट घेई, ठेवली तरी कुजे आणि तिच्यातली चांदी काढून विकता येई. कितीतरी जुने चित्रपट अशा चांदीपायी गेले. साडेदहा हजार फूट फिल्म, म्हणजे जेमतेम दोन तासांचा खेळ. त्यातला एकही फूट आज सापडत नाही. उरली ती काही छायाचित्रं आणि जाहिराती.

तेव्हा वाचकांना एक विनंती. गिरगावातल्या जुन्या बिऱ्हाडाच्या पेटीत मॅजेस्टिकचा एखादा फोटो, तिकिटाचं अर्धुक किंवा ‘आलम आरा’च्या गाण्यांची पुस्तिका निघाली, तर रद्दीत घालू नका. पुण्याच्या संग्रहालयाला कळवा.