अद्भुताची ओढ

सध्या आपल्या घरांतून काय वाचले जाते, असा प्रश्न निघाला की आम्ही प्रथम नातवंडांच्या उशाशी पाहतो. तेथे बहुधा हॅरी पॉटर असतो, आणि तोही इंग्रजीत वा हिंदीत. वडीलधारी मंडळी नाके मुरडतात. आम्हांस तसे करवत नाही. मराठी कादंबरीचे बालपणच अद्भुतात गेले. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची. आम्हांस वाचनाचे वेड लावले ते १९५२ पासून मराठीत निघू लागलेल्या ‘चांदोबा’तील विक्रम-वेताळाने आणि पुढे नारायण धारपांच्या भयकथांनी.

‘चांदोबा’ आता बंद पडला. परंतु ‘हॅरी पॉटर आणि परीस’ हे पुस्तक भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने मराठीत आणले आहे. इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलांना हिंदीमुळे देवनागरी येतेच. ती अडखळतात ‘ळ’पाशी. रात्री एक प्रकरण आपण मोठ्याने वाचावे आणि ऐन संकटाच्या प्रसंगी पुस्तक त्यांच्या हाती देऊन दिवा तेवढा चालू ठेवावा. पुढे काय झाले, या ओढीने मूल ‘ळ’ही ओलांडते. उपदेशाने जी मराठी घरात टिकली नाही, ती कदाचित एखादा जादूगार टिकवील.