स्थानिक वित्त व प्रादेशिक असमतोल

ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपरिषद व महानगरपालिका या स्थानिक स्वराज्य संस्थांना आपली वैधानिक कर्तव्ये पार पाडण्यासाठी लागणारा निधी उभारण्याची व त्याच्या वाटपाची व्यवस्था म्हणजे स्थानिक वित्त. एकाच प्रकारच्या संस्थांची कर्तव्ये सर्वत्र जवळजवळ सारखी असतात. करउत्पन्न देण्याची प्रदेशांची क्षमता मात्र सारखी नसते. जेथे जमीन डोंगराळ, उद्योग तुरळक व वस्ती विखुरलेली असते, तेथे त्याच कामाला दरडोई खर्च अधिक येतो आणि उत्पन्न कमी मिळते. वरिष्ठ शासनाच्या अनुदानाने ही तफावत भरून निघाली नाही, तर मागास भाग मागासच राहतो. तथापि ही तफावत कोणत्या मापाने मोजावी, यावर अनुदानाची वाटणी अवलंबून असते आणि मतभेदही प्रामुख्याने त्याबाबतच आहेत.

रत्नागिरी शहरातील मिरकरवाडा हे मासेमारी बंदर या प्रश्नाचे बोलके उदाहरण होय. ते रत्नागिरी नगरपरिषदेच्या हद्दीत असून कोकण किनाऱ्यावरील मासळी उतरविण्याच्या प्रमुख केंद्रांपैकी एक आहे. नौका, बर्फ, डिझेल, जाळी व मालवाहतूक यांवर तेथे मोठी उलाढाल होते आणि हंगामात परगावचे, अगदी नेपाळमधूनही आलेले, खलाशी तेथे राबतात. या साऱ्यांमुळे पाणी, सांडपाणी, कचरा व रस्ते यांवर पडणारा भार शहरावर येतो. उलाढालीतून निघणारे करउत्पन्न मात्र अन्यत्र जाते. डिझेलवरील उत्पादनशुल्क केंद्राकडे व विक्रीकर राज्याकडे जातो (मच्छीमारांना तो परताव्याच्या रूपाने मिळतो, नगरपरिषदेला नव्हे). वस्तू व सेवा कर या दोहोंत विभागला जातो. नौकेत गुंतलेले भांडवल स्थावर नसल्यामुळे ते घरपट्टीच्या कक्षेत येत नाही. खुद्द बंदर राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या अखत्यारीत आहे. बंदराच्या विस्तारासाठी तेथील अतिक्रमणे जानेवारी २०२५ मध्ये हटविण्यात आली, तेव्हा ती कारवाईही त्याच विभागाने केली. शिवाय १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारीस बंदी असते व बंदरावरचे बहुतेक व्यवहार थंडावतात. गावाचा खर्च मात्र बारमाही चालू राहतो.

पूर्वी नगरपरिषदांना जकातीचा आधार होता. नाक्यावरचा खोळंबा व भ्रष्टाचार यांमुळे ती बदनाम झाली होती आणि तिच्या विरोधातील आक्षेप रास्तच होते. परंतु व्यापार वाढला की गावाचे उत्पन्नही आपोआप वाढे, हा तिचा गुण नाकारता येत नाही. १९९९ मध्ये नगरपरिषद क्षेत्रांतील जकात रद्द होऊन तिच्या जागी राज्याचे सहायक अनुदान आले. महानगरपालिकांना वस्तू व सेवा करामुळे मिळणारी भरपाई २०१७ च्या कायद्याने २०१६–१७ हे आधारवर्ष धरून, वार्षिक ८ टक्के वाढीसह ठरविण्यात आली. म्हणजे ज्या शहराचे उत्पन्न आधीच मोठे होते, त्याची भरपाईही मोठी ठरली. ही भरपाई समानीकरणाच्या हेतूने आखलेली नव्हती हे खरे; पण तिचा परिणाम असमतोल टिकविण्याचाच झाला.

कोकणापुरती ही अडचण जुनी आहे. मुंबई इलाख्यात १८६९ च्या कायद्याने लोकल फंडासाठी जमीनमहसुलाच्या रुपयामागे एक आणा उपकर बसविण्यात आला. महसूल हाच पाया असल्याने, वरकस व भातखाचरांच्या रत्नागिरी जिल्ह्यात उपकराचे उत्पन्न बेताचेच राहिले. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर १९६१ चा अधिनियम झाला व १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या (⇨ जिल्हा परिषद). तेव्हाही जमीनमहसूल व त्यावरील उपकर हेच स्वतःच्या उत्पन्नाचे मुख्य साधन राहिले. या अधिनियमात दोन परस्परविरोधी तत्त्वे शेजारी शेजारी नांदतात : उपकराच्या प्रमाणात द्यावयाचे जुळते अनुदान, जे अधिक वसुली करू शकणाऱ्यास अधिक देते, आणि समानीकरण अनुदान, जे कमी उत्पन्नाच्या जिल्ह्याची उणीव भरून काढण्यासाठी आहे.

प्रादेशिक असमतोलाचे पहिले पद्धतशीर मोजमाप अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ मध्ये नेमलेल्या सत्यशोधन समितीने केले. १९८४ च्या अहवालात तिने रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास व पशुवैद्यकीय सेवा या क्षेत्रांत राज्याची सरासरी काढली आणि सरासरीखालील जिल्ह्यांना तेथवर आणण्यास लागणाऱ्या खर्चास ‘अनुशेष’ म्हटले. एकूण अनुशेष ३,१८६·७८ कोटी रुपये भरला; त्यात विदर्भाचा वाटा ३९·१२ टक्के, मराठवाड्याचा २३·५६ टक्के व उर्वरित महाराष्ट्राचा ३७·३२ टक्के होता. संविधानाच्या ३७१ (२) अनुच्छेदानुसार १९९४ मध्ये स्थापन झालेली वैधानिक विकास मंडळे याच तीन विभागांची होती. ‘उर्वरित’ या शब्दातच कोकणाची अडचण सामावलेली आहे. कारण रत्नागिरीसारखा जिल्हा त्यात पुणे, कोल्हापूर, नाशिक यांच्या पंगतीला बसतो. समितीची पद्धत शास्त्रशुद्ध व आपल्या काळाच्या पुढे होती, पण तिची मापे बहुतांशी शेतीप्रधान जिल्ह्यास बेतलेली होती. मासळी उतरविण्याचा धक्का, लाटा अडविणारा बांध, गाळाने भरलेले नौकामार्ग यांचा अनुशेष मोजण्यासाठी तिच्या यादीत स्वतंत्र रकाना नव्हता.

लोकसंख्या हे दुसरे प्रचलित माप. पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांची अनुदाने राज्याराज्यांत वाटताना लोकसंख्येस ९० टक्के व क्षेत्रफळास १० टक्के भार दिला. हे माप सोपे व निर्विवाद आहे. परंतु रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मधील १६,९६,७७७ वरून २०११ मध्ये १६,१५,०६९ इतकी घटली. चाकरमानी मुंबईस गेल्याने रस्त्यांची लांबी वा नळयोजनेचा देखभालखर्च कमी होत नाही. राज्यांतर्गत वाटणीतही डोक्यांचीच गणती प्रभावी ठरली, तर जेथून माणसे जातात त्या जिल्ह्याचा निधीही त्यांच्यामागोमाग जातो.

याउलट जपानमध्ये १९५४ पासून चालत आलेल्या स्थानिक वाटप कराच्या पद्धतीत प्रत्येक संस्थेची प्रमाणभूत गरज निरनिराळ्या एककांनी मोजतात. त्यांत मासेमारी बंदरातील नौका बांधण्याच्या धक्क्यांची लांबी हेही एक एकक आहे. ही गरज व प्रमाणभूत उत्पन्न यांतील तूट भरून काढणे, हा त्या पद्धतीचा गाभा होय. त्यासाठी विश्वसनीय स्थानिक आकडेवारी व ती दरवर्षी तपासणारी यंत्रणा लागते, हे मात्र विसरता येत नाही.

भारतात ७३ व्या व ७४ व्या संविधानदुरुस्त्यांनी (१९९२) राज्य वित्त आयोग बंधनकारक केले (⇨ वित्त आयोग). त्याच दुरुस्त्यांतील एक विसंगती मिरकरवाड्यास नेमकी लागू पडते : पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय हा विषय आहे, नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीतील अठरा विषयांत तो नाही. बंदर शहरात वसलेले असल्यामुळेच तेथील स्थानिक संस्थेच्या विषयसूचीत मासेमारी येत नाही.

निधी येण्यासाठी संस्था निर्वाचित असणेही आवश्यक ठरले आहे. २०२२ नंतर महाराष्ट्रातील बहुतेक नगरपरिषदा व जिल्हा परिषदा दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती होत्या. केंद्रीय वित्त आयोगाची अनुदाने निर्वाचित मंडळावर अवलंबून असल्याने त्यांच्या वाटपावर याचा परिणाम झाला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला. वैधानिक विकास मंडळांची मुदत तत्पूर्वीच, ३० एप्रिल २०२० रोजी, संपली होती. कोकणासाठी स्वतंत्र मंडळ असावे ही मागणी त्यांच्या कार्यकाळात वेळोवेळी पुढे आली, परंतु ३७१ (२) अनुच्छेदात विभाग तीनच असल्याने संविधानात बदल केल्याविना त्या अनुच्छेदाखाली ती मान्य होणे शक्य नव्हते.