भाऊबीजेला आईबाबांच्या घरी काय न्याल?

दिवाळीत घरासाठी गॅजेट घ्यायचं असेल, तर माझं पहिलं मत बीएलडीसी पंख्याला. साधा छताचा पंखा साधारण 75 वॅट वीज खातो, हा पूर्ण वेगात 30 वॅटच्या आसपास. दिवसाला 12 तास चालला तर जवळपास अर्धा युनिट वाचतो आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टरवरही तो जास्त वेळ टिकतो. शिवाय रिमोट! गुडघे दुखणाऱ्या आईला पहाटे गारठा वाटला की अंथरुणातूनच वेग कमी करता येतो. हे सुख पैशांत मोजता येत नाही.

1 जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांवर स्टार लेबल बंधनकारक आहे, ते बघूनच घ्या. बसवताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर मात्र वायरमनकडून काढून घ्या, त्याच्यासोबत हा पंखा नीट चालत नाही.

गीझरसाठी स्मार्ट प्लग घेणार असाल तर 16 अँपिअरचाच. 6 अँपिअरचा दिवे आणि चार्जरपुरता ठीक. बहुतेक स्मार्ट प्लग 2.4 गिगाहर्ट्झ वायफायवरच चालतात, तेव्हा आधी राउटर तपासा.

गावी वीज जात असेल तर राउटरचा छोटा यूपीएस फार उपयोगी. राउटरच्या अडॅप्टरवर 9 व्होल्ट लिहिलंय की 12, त्याचा फोटो आधी मागवून घ्या. पिनही जुळायला हवी. बिल आणि वॉरंटी कार्ड आईबाबांच्याच घरी ठेवा.