जांभई आणि तिचा संसर्ग

कीर्तन रंगात आले असता एखाद्या श्रोत्याने जांभई दिली, की त्याच ओळीत आणखी तिघाचौघांची तोंडे उघडतात आणि बुवांच्या कपाळाला आठी पडते. बुवांना वाटते, आपले निरूपण नीरस झाले; श्रोत्याला वाटते, आपला आळस चारचौघांत उघडा पडला. शाळेत तर याच अपराधाबद्दल पुष्कळ मुलांनी छड्या खाल्ल्या आहेत. म्हणून या अपराधाची थोडी चौकशी करावी, असे आम्हांस वाटते. (हे वाचतानाच वाचकांस जांभई आली, तर तो दोष आम्ही आपल्याकडे घेणार नाही. जांभईविषयी नुसते वाचले तरी ती येते.)

शरीरात प्राणवायू कमी पडला म्हणजे जांभई येते, असे आपण सर्वांनी शाळेत ऐकलेले आहे. अमेरिकेतील रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी १९८७ साली हे पडताळून पाहिले. काहींना त्यांनी शुद्ध प्राणवायू हुंगविला, काहींना नेहमीपेक्षा कितीतरी अधिक कर्बद्विप्राणिद वायू असलेली हवा दिली. श्वासाचा वेग वाढला. जांभयांची संख्या मात्र ना वाढली, ना घटली. तेव्हा त्या सोप्या उत्तराला आता रजा दिलीच पाहिजे. आपल्या चरकसंहितेने 'जृंभा' ही शिंक, तहान, भूक यांच्या पंक्तीस, म्हणजे दाबून धरू नयेत अशा तेरा वेगांत बसविली आहे. जांभई आली म्हणजे चुटकी वाजविणाऱ्या आपल्या आजीबाईही ती दाबीत नाहीत, हे लक्षात घ्यावे.

मग जांभई कशासाठी? अलीकडे अँड्र्यू गॅलप यांनी मांडलेला एक विचार आम्हां खानदेशकरांना विशेष जवळचा वाटावा असा आहे. जबडा ताणला जातो, डोक्यातील रक्ताचा ओघ वाढतो, बाहेरची गार हवा आत जाते, आणि तापलेला मेंदू किंचित निवतो, असे ते म्हणतात. कपाळावर गार पट्टी ठेवलेल्या माणसांना दुसऱ्याची जांभई पाहून फारशी जांभई येत नाही, असे २००७ च्या प्रयोगात आढळले. पुढे अ‍ॅरिझोनातील टूसॉन गावी वाटसरूंना जांभयांची चित्रे दाखविली. सुमारे २२ अंश उष्णतामानाच्या हिवाळ्यात शेकडा ४५ जणांनी जांभई दिली. ३७ अंशांच्या उन्हाळ्यात अवघ्या २४ जणांनी. व्हिएन्नात उलट घडले, कारण तेथील उन्हाळाच २० अंशांच्या आसपास असतो आणि हिवाळा गोठविणारा. हवा अंगाइतकीच तापली असेल, तर ती आत घेऊन मेंदू निवणार कसा? यावरून पाहता पिंप्राळ्याच्या वैशाखातील दुपारी जांभया कमी पडावयास हव्यात. शाळेतील मुलांना वही-पेन्सिल देऊन हा हिशेब सहज करविता येईल. तथापि हे मत अद्याप सर्वमान्य झालेले नाही.

संसर्गाची गोष्ट निराळी. गर्भातले मूलही जांभई देते. परंतु दुसऱ्याची जांभई लागण्याचा प्रकार साधारण चवथ्या-पाचव्या वर्षांपासून ठळक दिसू लागतो. इटलीतील दोघा संशोधकांनी २०११ साली दाखविले, की आप्तांची जांभई सर्वांत लवकर लागते, मग मित्रांची, मग ओळखीच्यांची, आणि परक्यांची सर्वांत कमी. पिंप्राळ्याच्या रथाच्या गर्दीत अनोळखी माणसाची जांभई आपल्याला सोडून देईल. घरच्या ओट्यावर भावाची सोडणार नाही. यावरून ही सहानुभूतीची खूण, असा निष्कर्ष काढला गेला. आम्हांस तो जरा घाईचा वाटतो. कारण २०१४ साली अमेरिकेत ३२८ माणसांवर केलेल्या पाहणीत सहानुभूतीचा संबंध आढळला नाही. वयाचा आढळला, तोही थोडाच.

आता एक गोष्ट मात्र घरोघरी ठाऊक असावी. पक्षाघाताने लुळा पडलेला हात जांभईच्या वेळी कधीकधी आपोआप वर उचलला जातो. घरची मंडळी हर्षाने धावतात. क्षणात हात खाली पडतो, रोग्याला सांगून तो पुन्हा उचलवत नाही, आणि कोणी त्याच्यावर ढोंगाचा आळ घेतो. खरे असे, की इच्छेने हात हलविण्याचा मेंदूतील मार्ग तुटलेला असतो. जांभईची आज्ञा मेंदूच्या खालच्या, पुरातन भागातून दुसऱ्याच वाटेने येते. तेव्हा तो हात वर गेला म्हणून रोगी बरा झाला असे समजून मालीश व व्यायाम थांबवू नयेत, आणि त्या बिचाऱ्याला ढोंगी तर मुळीच म्हणू नये.