संगणकांची थेट देवघेव कां अडते?

रोह्याला लागून असलेल्या वरसे गांवीं आईवडील राहतात, मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास असतो आणि दोन्ही घरीं संगणक आहे, अशी कल्पना करा. सातबाराचे उतारे, खरेदीखतें, जुनीं छायाचित्रें यांची एकेक प्रत दोन्हीकडे असावी, ही इच्छा रायगड जिल्ह्यांत तरी चैनीची म्हणतां येणार नाहीं. जुलै २००५ मध्यें महापुराचें पाणी महाडांतील घरांत व दुकानांत शिरलें. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळानें याच जिल्ह्यांत असंख्य घरांचीं छपरें उडविलीं. सारे कागद एकाच कपाटांत ठेवण्याचा धोका येथें कोणास समजावून सांगावयास नको.

अशा कामीं सिंकथिंगसारखी आज्ञावली उपयोगी पडते. मधल्या कोणा कंपनीच्या कोठारांत कांहीं न ठेवतां ती एका संगणकांतील प्रत थेट दुसऱ्यांत पोंचविते. २००१ सालीं ब्रॅम कोहेन यांनीं काढलेलें बिटटोरेंट याच कुळांतलें. त्याचा चोरटा उपयोग पुष्कळ झाला, पण तो दोष साधनाचा नव्हे. अनुभव मात्र पुष्कळदां असा येतो कीं, एकाच घरांतील दोन संगणक एकमेकांस तत्काळ ओळखतात आणि वरसे व पुणें यांची गांठ कांहीं केल्या पडत नाहीं; पडलीच तर काम मुंगीच्या पावलांनीं चालतें.

प्रथम साधी गोष्ट पाहावी. भिंतीवरील फायबरच्या पेटींत तांबडा दिवा लागला असेल, तर तार कोठेंतरी तुटली आहे. कोंकणच्या पावसाळ्यांत हें नवल नव्हे. तेथें संगणकाशीं झटापट करण्यांत अर्थ नाहीं. बाकीचें सारें इंटरनेट चालत असून एवढेंच अडत असेल, तर कारण पत्त्यांत शोधावें.

इंटरनेटच्या जुन्या पद्धतींत सुमारें ४३० कोटीच पत्ते आहेत. ते पुरेनात, म्हणून घरोघरीं राउटर हा देवडीवाला बसला. बाहेरच्या जगास वाड्याचा एकच पत्ता ठाऊक. आंतल्या संगणकांना १९२.१६८ या आंकड्यांनीं सुरू होणारे घरगुती पत्ते. आंतून कोणी बाहेर निरोप धाडला कीं देवडीवाला त्याची नोंद ठेवतो आणि उत्तर आल्यास बरोबर त्याच्याकडे पोंचवितो. पण बाहेरून आपण होऊन आलेला पाहुणा कोणाकडे आला, हें त्यास कळत नाहीं. तो त्यास परत लावतो. दोन्ही घरीं असे देवडीवाले असले म्हणजे पहिली हांक कोणी मारावयाची, हाच पेंच!

एप्रिल २०११ मध्यें आशिया-पॅसिफिक विभागाचा पत्त्यांचा मुक्त सांठा शेवटच्या तुकड्यावर आला आणि सेवा पुरविणाऱ्यांनीं वेशीवर आणखी एक देवडीवाला बसविण्याची चाल वाढली. त्यासाठीं १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ सालीं राखून ठेवण्यांत आले. याची परीक्षा सोपी आहे. राउटरच्या पानावर बाहेरील बाजूचा पत्ता पाहावा. मग आपला पत्ता दाखविणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर कोणता दिसतो तें पाहावें. दोन्ही एकच असतील, तर किल्ली आपल्याच हातीं आहे. संगणकास घरांत कायमचा पत्ता द्यावा, राउटरवर २२००० क्रमांकाचें पोर्ट त्याच्याकडे वळवावें आणि संगणकाच्या फायरवॉलमध्यें तेवढ्याच आज्ञावलीस परवानगी द्यावी. संपूर्ण फायरवॉल बंद करण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकूं नये. पोर्ट उघडलें कीं नाहीं हें तपासतांना आज्ञावली चालू असली पाहिजे, नाहींतर दार उघडें असूनही तें बंदच दिसतें.

पत्ते निराळे निघाले, तर आधीं घरांतच दोन राउटर एकापुढें एक लावलेले नाहींत ना, हें पाहावें. असल्यास दुसऱ्यास नुसतें ॲक्सेस पॉइंट करावें. तसें नसेल, तर अडथळा वेशीवर आहे आणि घरचें पोर्ट कितीही वळविलें तरी फळ नाहीं. सेवा पुरविणाऱ्याकडे सार्वजनिक पत्ता मागावा. त्यास बहुधा निराळे पैसे पडतात. पण त्याआधीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. दोहोंपैकीं एकच टोंक बाहेरून गांठतां आलें तरी पुरे. पुण्याच्या घरीं सार्वजनिक पत्ता असेल, तर दार तेथें उघडावें. वरसे येथील संगणक आपण होऊन तेथें जाईल. दोन्हीकडे आयपीव्ही६ असेल तर प्रत्येक संगणकास स्वतःचा पत्ता मिळतो. मग पोर्ट वळवावें लागत नाहीं, राउटरच्या फायरवॉलनें मात्र वाट द्यावी लागते.

यांतलें कांहींच न साधल्यास सिंकथिंग मध्यस्थ यंत्रामार्फत निरोप पोंचवितें. मजकूर कुलुपबंद असल्यामुळें मध्यस्थास तो वाचतां येत नाहीं. वेग तेवढा कमी पडतो. कागदपत्रांस तो पुरतो, लग्नाच्या चित्रफितींस रात्र जाते. दिवसां पाठविण्याच्या वेगास मर्यादा घालावी, नाहींतर घरांतील इतरांचें काम अडतें. आणि एका टोंकास प्रत पुसली कीं दुसरीकडूनही ती नाहींशी होते. म्हणून दोन्ही संगणकांवर जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय पहिल्याच दिवशीं चालू करावी.