व्हिडिओ गेमची तपासणी : खेळ नव्हे, पारखीचे काम

गेल्या वर्षी बारावीचा निकाल लागला आणि चार दिवसांनी माझा भाचा दुकानात येऊन बसला. म्हणाला, "मामू, मला गेम टेस्टर व्हायचे आहे. पुण्यात सहा महिन्यांचा कोर्स आहे. फी एक लाख ऐंशी हजार. नोकरीची हमी आहे." जाहिरातीचा कागद त्याने पुढे ठेवला. त्यावर लिहिले होते, 'खेळा आणि कमवा!' या फीसाठी आपाने हातातल्या सोन्याच्या पाटल्या मोडायची तयारी केली होती.

मी कापडाचा व्यापारी. शिक्षण उर्दू माध्यमात झाले. संगणक दुकानात बिलापुरता आहे. पण न बघता माल घेऊ नये एवढे तीस वर्षांच्या धंद्याने शिकवले आहे. मी आपाला पंधरा दिवस थांबायला सांगितले. रात्रीच्या बसने पुण्याला गेलो, या कामातल्या दोन-तीन मुलांना भेटलो, चौकशी केली, वाचले. औशात, लातुरात, नांदेडात अनेक घरांत आज हाच प्रश्न असेल. म्हणून जे कळले ते वाचकांपुढे ठेवतो.

हे काम नेमके काय आहे?

गेम टेस्टर म्हणजे दिवसभर गेम खेळून पगार घेणारा माणूस, हा समज चुकीचा आहे. आपल्या धंद्यातले उदाहरण घेऊ. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीहून आलेला ताका आपण उजेडात उलगडून पाहतो. कुठे धागा तुटला आहे, कुठे गाठ आहे, कुठे डाग, कुठे रंगात फरक. मोठ्या कापड उद्योगात यासाठी 'चार गुणांची पद्धत' आहे. ३ इंचांपर्यंतच्या दोषाला १ गुण, ३ ते ६ इंचांना २, ६ ते ९ इंचांना ३ आणि ९ इंचांपेक्षा मोठ्या दोषाला ४ गुण. साधारणपणे १०० चौरस वारांत ४० गुणांपर्यंतचा माल स्वीकारतात, त्यापुढे परत. तपासणाऱ्याला ते कापड अंगावर घालून मिरवायचे नसते. त्याला दोष शोधून, मोजून, नोंदवायचा असतो.

गेमची तपासणी अगदी अशीच आहे. गेम हा शेवटी संगणकाचा प्रोग्राम. त्यात चुका राहतात, त्यांना 'बग' म्हणतात. टेस्टर एकाच भिंतीवर शंभर ठिकाणी धडक देऊन पाहतो की खेळाडू भिंतीच्या आत तर शिरत नाही. काल दुरुस्त केलेला बग आज पुन्हा आला का, दुरुस्तीमुळे दुसरे काही मोडले का, हे रोज तपासतो. जुन्या फोनवर, कमी मेमरीवर, तुटक्या नेटवर गेम चालतो का ते पाहतो. सोनी, मायक्रोसॉफ्ट व निन्टेन्डो या यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांचे स्वतःचे नियम असतात. उदाहरणार्थ, हातातला कंट्रोलर मध्येच सुटला तर गेमने थांबून तशी सूचना द्यावी. हे नियम पाळले नाहीत तर गेम बाजारात येत नाही. सापडलेल्या बगची प्रतवारीही करायची असते : गेम बंद पाडणारा, मोठा, किरकोळ.

ही तपासणी ढिली पडली तर काय होते याचे मोठे उदाहरण २०२० सालचे आहे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीचा 'सायबरपंक २०७७' हा गेम त्या वर्षी १० डिसेंबरला बाजारात आला. जुन्या प्लेस्टेशनवर तो इतका अडखळत होता की आठवडाभरातच सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि ग्राहकांना पैसे परत देऊ केले. तो पुन्हा तेथे यायला जून २०२१ उजाडले. सेकंड माल फ्रेश म्हणून विकला की पेढीचे नाव जाते, ते येथेही खरे आहे.

खरे हुन्नर लिहिण्याचे

पुण्यात भेटलेल्या एका मुलाने सांगितले, "काका, बग सापडणे अर्धे काम. तो समोरच्याला कळेल असा लिहिणे हे उरलेले अर्धे." त्याने मला एक नमुना समजावून दिला. समजा, क्रिकेटचा गेम आहे. नोंद अशी होते :

शीर्षक – फोन आल्यानंतर पडदा काळा होतो. त्याखाली फोनचे मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, गेमची आवृत्ती. मग पायऱ्या : १) गेम सुरू करा. २) दुसऱ्या षटकापर्यंत खेळा. ३) आलेला फोन घ्या. ४) फोन ठेवून गेमवर परत या. काय व्हायला हवे – खेळ थांबला तेथून सुरू व्हावा. काय झाले – पडदा काळा राहिला. किती वेळा – ५ पैकी ५ वेळा.

ही नोंद इंग्रजीत लिहायची असते. आपली उर्दू वा मराठी माध्यमाची मुले येथेच बिचकतात. पण वाक्ये पाहा, किती लहान आहेत! अलंकारिक इंग्रजी येथे नकोच आहे. साधे, नेमके इंग्रजी रोज एक पान लिहिले तर वर्षभरात हात बसतो.

उर्दू वाचणाऱ्या मुलांची एक जमेची बाजूही आहे. गेम अनेक भाषांत निघतात आणि प्रत्येक भाषेची वेगळी तपासणी होते. अरबी लिपी उजवीकडून डावीकडे आणि अक्षरे जोडून लिहितात. डावीकडून लिहिण्याच्या हिशेबाने बनलेल्या गेममध्ये ती अनेकदा उलटी आणि सुटी-सुटी उमटते. इतरांच्या नजरेतून ही चूक सुटेल, आपला मुलगा ती पाहताक्षणी पकडेल. मात्र लिपी वाचता येणे आणि भाषा येणे यांत फरक आहे. अरबी गेमचा भाषा-तपासनीस व्हायचे तर अरबी भाषा रीतसर शिकावी लागेल.

तालीम कोठे आणि कशी?

आपल्याला जवळचे ठिकाण पुणे. फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीने २००८ मध्ये गेमलॉफ्टकडून पुण्यातला स्टुडिओ घेतला. तेथे गेम बनवण्याबरोबर तपासणीचेही काम होत आले आहे. बंगळूर व हैदराबाद येथेही मोठ्या परदेशी कंपन्यांची केंद्रे आहेत. जुलै २०२५ मध्ये मुंबईत गेम, ॲनिमेशन अशा विषयांसाठी 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज' ही संस्था सुरू झाली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या उद्योगासाठी वेगळे धोरण मंजूर केले.

पण सुरुवात घरूनच करता येते. सॉफ्टवेअर तपासणीची आय.एस.टी.क्यू.बी. ही जगभर चालणारी परीक्षा आहे. तिच्या पहिल्या पातळीचा अभ्यासक्रम मंडळाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. ४० प्रश्न, ६० मिनिटे, २६ उत्तरे बरोबर आली की उत्तीर्ण. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांना इंग्रजी पेपरसाठी १५ मिनिटे जास्त मिळतात. भारतात ही परीक्षा इंडियन टेस्टिंग बोर्डामार्फत होते. ती उत्तीर्ण झाल्यावर गेम टेस्टिंगची वेगळी परीक्षाही देता येते. आणि पहिली परीक्षा केवळ गेमपुरती नाही, बँक, दवाखाना, विमा यांच्या प्रोग्रामच्या तपासणीतही चालते.

सरावाची आणखी एक वाट आहे. गुगलच्या नियमाप्रमाणे नोव्हेंबर २०२३ नंतर वैयक्तिक खाते उघडणाऱ्या नव्या निर्मात्याला आपले ॲप प्ले स्टोअरवर सर्वांसाठी आणण्यापूर्वी सलग १४ दिवस लोकांकडून तपासून घ्यावे लागते. सुरुवातीला २० तपासनीस लागत, डिसेंबर २०२४ मध्ये ही संख्या १२ वर आली. म्हणजे लहान निर्माते तपासनीस शोधत असतात. आपल्या मुलांनी तेथे नाव द्यावे, बग शोधावेत आणि नोंदी जपून ठेवाव्यात. जुना फोन आणि मधेच जाणारे नेट ही आपली अडचण येथे उपयोगाची ठरते, कारण असंख्य गिऱ्हाईक तसलेच फोन वापरते.

खतावणीची दुसरी बाजू

नफा लिहिला तसा तोटाही लिहिला पाहिजे. या कामात कराराच्या नोकऱ्या फार आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील रेव्हन सॉफ्टवेअर कंपनीने डझनभर टेस्टरांना काढण्याचे ठरवले, तेव्हा सहकाऱ्यांनी काम थांबवले आणि मे २०२२ मध्ये १९ विरुद्ध ३ मतांनी आपली संघटना उभी केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये लुइझियाना राज्यातील बॅटन रूज येथे इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने सुमारे २०० कंत्राटी टेस्टरांचे काम एका झटक्यात संपवले.

दुसरा धोका यंत्राचा. जपानच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले की २०२७ च्या अखेरपर्यंत तपासणी व बग शोधण्याचे ७० टक्के काम कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करून घेण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. हातमागावर यंत्रमाग आला तेव्हा काय झाले हे कापडवाल्याला सांगायला नको. जो फक्त बटणे दाबतो त्याची जागा जाईल. जो प्रोग्राम लिहून यंत्राकडून तपासणी करून घेतो, त्याची राहण्याची शक्यता अधिक. म्हणून तपासणीबरोबर पायथनसारखी एक संगणकभाषा शिकणे आता आवश्यकच समजावे.

काही पालकांनी मला विचारले, "हा जुगाराचा तर धंदा नाही ना?" शंका रास्त आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर देशात बंदी आली. करमणुकीचे गेम व ई-स्पोर्ट्स त्या बंदीत नाहीत. कोणत्याही कंपनीत जाताना तिचे गेम कोणत्या जातीचे आहेत हे मुलाने आधी पाहावे.

फी भरण्यापूर्वी

त्या पुण्याच्या संस्थेत मी गेलो होतो. 'नोकरीची हमी' असा शब्द कागदावर लिहून मागितला. छापील करारात मात्र 'नोकरीसाठी साहाय्य' एवढेच होते. मागच्या तुकडीतल्या पाच मुलांची गाठ घालून द्या म्हटले, तर उद्या-परवावर गेले. मी नमस्कार करून उठलो.

पालकांनी कोणत्याही संस्थेला तीन गोष्टी विचाराव्यात. मागच्या तुकडीतली किती मुले आज तपासणीच्या कामावर आहेत आणि त्यांना भेटता येईल का? मध्येच सोडल्यास फी किती परत, ते लेखी द्याल का? शिकवणारा उस्ताद स्वतः कोणत्या गेमवर काम केलेला आहे? उत्तर मिळाले नाही तर पैसे खिशातच ठेवावेत. फक्त गेमचा कोर्स करून मुलाचे कॉलेज सोडवू नये. पदवी हा ताका आहे, कोर्स ही त्यावरची किनार.

भाचा नाराज झाला, दोन दिवस बोलला नाही. आज तो लातूरला बी.सी.ए. करतो आहे, रोज औशाहून वीस किलोमीटर जाऊन-येऊन. संध्याकाळी दोन तास सराव करतो. आतापर्यंत चार लहान गेमच्या तपासणीत त्याने ३१ बग नोंदवले, त्यांतले काही निर्मात्यांनी दुरुस्तही केले. दिवाळीच्या सुट्टीत तो पहिली परीक्षा देणार आहे. उत्तीर्ण होईल की नाही हे त्याच्या मेहनतीवर. तिची फी त्याने सुट्टीत माझ्या दुकानात काम करून जमवली आहे. आपाच्या पाटल्या मोडाव्या लागल्या नाहीत.